शेड झाली, लाकूड कुठे आहे? सरपंच आणि ग्रामपंचायत सदस्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सरपंच, उपसरपंच आणि सर्व सदस्य,
महाराष्ट्रातील ग्रामपंचायती

विषय : गावची स्मशानभूमी, दहाव्याचा मांडव आणि मागे राहिलेल्यांचे कागद

सप्रेम नमस्कार.

गावात कोणी गेले की तुम्ही मातीला असता, सावडायला असता, दहाव्याला तर दोन शब्दही बोलता. लोकांच्या दुःखात उभे राहता, त्याला कोण नाव ठेवील? पण या तिन्ही ठिकाणी पंचायत म्हणून तुमच्याकडे जे काम आहे, ते बहुतेक गावांत अर्धे राहिलेले असते. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४५ खालच्या ग्रामसूचीत दहन आणि दफनभूमीची देखभाल हा विषय दिवाबत्ती आणि गटारांच्याच पंगतीला आहे. फरक एवढाच की गटार तुंबले तर रोज बोंब होते, आणि स्मशानाची आठवण गावाला फक्त माती असते त्या दिवशी येते. त्या दिवशी भांडायच्या मनःस्थितीत कोणी नसते. म्हणून हे पत्र आधीच लिहीत आहोत.

पहिला मुद्दा लाकडाचा, कारण सगळे तिथेच फसते.

स्मशानात शेड उभी असते, तिच्यावर कोणाच्या निधीतून झाली त्याची पाटी असते, पाटीचा रंगही टिकलेला असतो. लाकूड मात्र नसते. मयत झाल्यावर भावकीतली चार पोरे कुऱ्हाड घेऊन बांधावर जातात आणि उभी बाभूळ पाडतात. ताज्या तोडीच्या लाकडात वजनाचा चाळीस ते पन्नास टक्के भाग पाणी असतो. हे पाणी उडून गेल्याशिवाय लाकूड धड पेटत नाही. आग धुमसत राहते, उष्णता वाफेतच जाते, आणि मग कोणीतरी डिझेलचा कॅन किंवा जुने टायर आणतो. डिझेल वरवर जळून जाते, आतला ओंडका तसाच राहतो. पेट्रोल तर त्याहून वाईट : धुमसत्या चितेवर ओतले की वाफेचा भडका उलटा येतो आणि ओतणाराच भाजतो. हे दर पावसाळ्यात कुठे ना कुठे घडते. चिता अर्धवट विझली की पुढे काय होते, ते सावडायला गेलेल्या माणसांना विचारा. इथे लिहीत नाही.

यावरचा उपाय साधा हिशेबाचा आहे. वर्षाला हजार माणसांमागे साधारण सहा मृत्यू धरा. तीन हजार वस्तीच्या गावात वर्षाला अठरा-वीस. पावसाळ्याचे चार महिने धरले तर सहा-सात. जमिनीवर रचलेल्या चितेला सुके लाकूड ३०० ते ३५० किलो लागते. म्हणजे पावसाळ्यापुरता साठा दोन ते अडीच टन, एका ट्रॉलीच्या आसपास. हे लाकूड पौष-माघात तोडून फोडून ठेवले की चैत्र-वैशाखाच्या उन्हात ओल पंधरा-वीस टक्क्यांवर येते. ज्येष्ठात तोडलेल्या लाकडाचा पावसाळ्यात काही उपयोग नाही. बाभूळ सर्वांत चांगली, निखारा धरून ठेवते. सुबाभूळ चालते, लवकर वाळते. आंबा पेटायला बरा, पण भराभर जळून जातो, म्हणून तो वरच्या थराला. तोडीला परवानगी लागते अशी झाडे असतील तर ती आधी घ्या; उन्हाळ्यात कोणाचे बांधावरचे झाड पडले, रस्त्याच्या कामात काही निघाले, तर ते लिलावात घालवण्याआधी स्मशानाचा वाटा काढा.

साठवायला दहा बाय दहा फुटांची खोली पुरते. दोन समोरासमोरच्या भिंती जाळीच्या विटांच्या, म्हणजे वारा खेळतो. खाली सहा इंच उंचीवर दगड किंवा लोखंडी कैच्या, लाकूड थेट कोब्यावर रचायचे नाही. खालचा थर ओल ओढतो आणि त्याला वाळवी लागते. मांडीएवढे ओंडके एका बाजूला, मनगटाएवढी फोड दुसऱ्या बाजूला, सरपण आणि गोवऱ्या वेगळ्या. आणि एक वजनकाटा. काटा नसला की घाबरून लोक दुप्पट लाकूड रचतात आणि पुढच्या माणसाला उरत नाही.

दुसरा मुद्दा जाळीचा. जमिनीवरच्या चितेला खालून हवा मिळत नाही. म्हणूनच चुलीला आपण तोंड ठेवतो आणि लाकूड पोकळ रचतो. दहनासाठी बिडाची (ओतीव लोखंडाची) जाळी जमिनीपासून दीड फूट उंचीवर ठेवली, दोन्ही बाजूंना दोन-अडीच फूट उंचीचे कठडे दिले, की हवा खालून वर खेचली जाते आणि लाकूड १५० ते २०० किलोंवर भागते. वेळही तीन-चार तासांवरून दोन-अडीच तासांवर येतो. साडेसहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद असा आतला माप पुरतो. त्याखाली राख गोळा व्हायला पत्र्याचा ट्रे.

ठेकेदार हमखास एक गोष्ट करतो : बिडाऐवजी साध्या लोखंडाचे अँगल आणि सळया जोडून देतो. स्वस्त पडते, फोटोत सारखेच दिसते. चितेच्या गाभ्यात उष्णता सात-आठशे अंशांपर्यंत जाते. त्यात साधे लोखंड मऊ पडते, मधोमध झोळ येतो आणि दहा-पंधरा दहनांत जाळी वाकडी होते. अंदाजपत्रकात "बिडाची ओतीव जाळी, सुट्या तुकड्यांत" असे स्पष्ट लिहून घ्या. सुट्या तुकड्यांत यासाठी, की एक तुकडा गेला तर तेवढाच बदलता येतो.

बिडाचा एक दोष आहे. ते उष्णता सोसते, पण तापलेले असताना पाणी पडले की तडकते. आता आपली रीत बघा. पूर्वी तिसऱ्या दिवशी सावडायचे. हल्ली नोकरीवर परत जायची घाई, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच, काही ठिकाणी त्याच संध्याकाळी, दूध-पाणी शिंपडून राख भरतात. वरून राख गार वाटते, खाली बीड तापलेले असते. घागर ओतली की कट्‌कन आवाज येतो आणि पाच-सहा वर्षे टिकणारी जाळी पहिल्याच वर्षी जाते. तेव्हा विधी तिसऱ्या दिवशीच करा. आधीच करायचा असेल तर आधी ट्रे ओढून राख बाहेर काढा आणि दूध-पाणी त्या राखेवर शिंपडा. श्रद्धेला धक्का नाही, जाळीलाही नाही. हे वाक्य पाटीवर रंगवून शेडच्या खांबाला लावा. देणगीदारांच्या पाटीपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

बीड भंगारात विकले जाते, म्हणून चोरीला जाते. नट-बोल्टच्या जोडावर वेल्डिंगचा टाका मारून घ्या आणि ओततानाच ग्रामपंचायतीचे नाव उमटवून घ्या. नाव असलेला तुकडा भंगारवाला सहसा घेत नाही.

शेडचे तीन दोष सगळीकडे सारखे. खांब चितेच्या फार जवळ, छत बुटके, आणि खाली साधा काँक्रीटचा ओटा. काँक्रीटच्या पोटात ओल असते. ती तापून फुगली की कपचे उडतात, कधी कधी जवळच्या माणसाच्या अंगावर. ओट्यावर उष्णता सोसणाऱ्या, भट्टीच्या आतून लावतात तसल्या विटांचा थर द्या, किंवा जाळी बसवून चिता ओट्यापासून उचला. पत्रा कमीत कमी पंधरा फुटांवर, मध्ये धूर जायला उघडी फट. खांब चितेपासून चार फूट लांब. स्लॅब घालू नका; दिसायला भक्कम वाटतो, पण सततच्या उष्णतेने खालचे प्लास्टर सुटते, सळई उघडी पडते आणि पाच वर्षांत तीच शेड "धोकादायक" म्हणून बंद होते.

गॅस आणि विजेच्या दाहिनीची मागणी हल्ली बरीच गावे करतात. तालुक्याच्या ठिकाणी ती योग्य आहे. विजेची भट्टी तापायला वेळ आणि वीज खाते, रोज दोन-चार दहने असतील तरच परवडते. महिन्याला दीड मयत असलेल्या गावात ती गंजून जाईल. आमदार साहेबांना उद्‌घाटनाला ती बरी, एवढेच.

अंत्ययात्रेबद्दल दोन बारीक गोष्टी, ज्या घरच्यांना त्या वेळी सुचत नाहीत. छातीत पेसमेकर बसवलेला असेल तर डॉक्टरांकडून तो आधी काढून घ्यावा लागतो. आगीत त्याची बॅटरी फुटते. आणि मान म्हणून अंगावर घातलेल्या नायलॉन-पॉलिस्टरच्या शाली, प्लास्टिकच्या फुलांचे हार, चकाकी कागद हे सरणावर जाऊ देऊ नका. एक सुती वस्त्र पुरे.

आता जागा आणि रस्ता. पावसाळ्यात कमरेएवढ्या पाण्यातून तिरडी नेतानाचे फोटो दरवर्षी वर्तमानपत्रांत येतात आणि दरवर्षी पुढे तेच. शेडला पैसा मिळतो, कारण शेड दिसते. पाणंद रस्त्याला मिळत नाही, कारण दोन्ही बाजूंच्या बांधवाल्यांना नाराज करावे लागते आणि त्यांची मते तुमच्या पॅनेलला हवी असतात. उघड बोलायचे तर राजकारण इथे अडते. जागा गावाच्या नावावर नसेल, परंपरेने कोणाच्या तरी शेतात दहन होत असेल, तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम २२ खाली जिल्हाधिकाऱ्यांना गायरान किंवा पड जमिनीतून दहन-दफनासाठी जागा राखून ठेवता येते. ग्रामसभेचा ठराव, गावनकाशा, सातबाराचा उतारा आणि तलाठ्याचा (हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) स्थळपाहणी अहवाल लावून तहसीलदारांमार्फत प्रस्ताव पाठवा. शेतमालक चांगला आहे, अडवत नाही, यावर विसंबू नका. जमीन विकली गेली की नवा मालक कुंपण घालतो आणि भांडण नेमके तिरडी खांद्यावर असताना होते.

जातीचा विषय टाळून पुढे जाता येणार नाही. एकाच गावात दोन-तीन स्मशाने आहेत, आणि शेड, पाणी, दिवा त्यातल्या एकालाच. दलित वस्तीची माणसे ओढ्याकाठी उघड्यावर जाळायची आणि शंभर पावलांवर शेड रिकामी. नागरी हक्क संरक्षण अधिनियम १९५५ मध्ये दहन-दफनभूमी वापरू न देणे हा गुन्हा आहे. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३ मध्येही २०१५ च्या दुरुस्तीने तो स्पष्टपणे आला. "आमच्याकडे कोणी अडवत नाही, तेच येत नाहीत" हे उत्तर आम्ही फार ऐकले आहे. ज्या पंचायतीला खरेच तसे वाटते तिने पाटी लावावी : ही दहनभूमी गावातील सर्वांसाठी आहे. एका ओळीची पाटी आहे, रंगाचा खर्च तेवढा. ती लावताना गावात कोण गप्प बसते आणि कोण चुळबुळ करते, यावरून बाकीचे कळेल.

पुरणारे समाजही गावात असतात. लिंगायतांत बसवून समाधी देतात, मुस्लिम आणि ख्रिस्ती बांधवांचे दफन असते, गोसावी-जोशी अशा भटक्या समाजांतही दफनाची रीत आहे, आणि लहान मूल गेले तर बहुतेक सगळेच पुरतात. त्यांना उरलीसुरली जागा दिली जाते, बहुधा ओढ्याच्या काठची काळी जमीन. काळ्या मातीत पावसाळ्यात खड्डा खोदता खोदता ढासळतो, तळाला पाणी साचते. दफनाला मुरमाड, उंचावरची, विहिरी आणि ओढ्यापासून लांबची जागा लागते. भटक्यांच्या पालांना तर गावच नाही म्हणून स्मशान नाही, अशी गत आहे. माणूस आपल्या हद्दीत गेला की तो आपल्या गावचा, एवढे तरी ठरवा.

राखेबद्दल थोडक्यात. माणसाची हाडे जळून दोन-तीन किलो उरतात, लाकडाच्या राखेसकट आठ-दहा किलो. नदी बिघडते ती एवढ्या राखेने कमी आणि तिच्याबरोबर फेकलेल्या गादी, उशी, कपडे, औषधे, प्लास्टिकच्या पिशव्यांनी जास्त. अनेक गावांनी रक्षा शेतात किंवा झाडाच्या आळ्यात घालायला सुरुवात केली आहे, चांगली गोष्ट आहे. फक्त सगळी राख एकाच रोपाच्या मुळाशी ओतू नका. राख क्षारयुक्त असते, मुळे जळतात, महिन्याभरात रोप वाळते आणि घरचे ते अपशकुन समजतात. रोपाला दोन मुठी मातीत कालवून पुरे. बाकीची बांधावर, वावरात पातळ पसरा.

आता दहाव्याकडे येऊ. इथे आमचा राग थोडा जास्त आहे.

काकस्पर्श, पिंड, मुंडण हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेचे. बौद्ध घरांत जलदान विधी आणि पुण्यानुमोदन असते. त्यावर आमचे काही म्हणणे नाही. म्हणणे आहे ते मांडवावर. सकाळी साडेसातचे प्रवचन, नऊला पिंडदान, आणि मग श्रद्धांजलीची भाषणे. आजी-माजी आमदार, कारखान्याचे संचालक, सोसायटीचे चेअरमन, बाजार समितीचे सभापती, इच्छुक उमेदवार. गेलेल्या माणसाचे नाव चुकीचे घेणारा वक्ताही आम्ही ऐकला आहे. साहेब वाटेत आहेत म्हणून कावळा शिवल्यानंतरही तासभर लोक उन्हात बसतात, मुंडण केलेली मुले बसतात, रात्रभर न झोपलेली बाई बसते. निवडणूक जवळ आली की दहाव्यांना गर्दी वाढते, हे आता कीर्तनकारही हसत सांगतात. तुम्ही एक करू शकता : ग्रामसभेत ठरवा की श्रद्धांजली एकच, गावातर्फे, पाच मिनिटांची. बाकी ज्यांना यायचे त्यांनी बसून जावे. बाहेरच्या पुढाऱ्याला हे घरचे सांगू शकत नाहीत. गावाचा ठराव सांगू शकतो.

खर्चाचे बघा. ५०० पाने धरली तर तांदूळच ४० किलो लागतो. त्यावर डाळ, बुंदी, तेल, आचारी, मांडव, ध्वनिक्षेपक, कीर्तनकारांचे मानधन, पाहुण्यांच्या टोप्या-टॉवेल, रस्त्यावरचे "भावपूर्ण श्रद्धांजली"चे फ्लेक्स. हे पैसे घरात नसतात. सोसायटीच्या हप्त्यासाठी ठेवलेले उचलले जातात, नाहीतर खासगी सावकार आहेच. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर शेतकऱ्याला बिनव्याजी पडते. मुदत चुकली की सवलत जाते आणि पुढच्या हंगामाचे कर्जही अडते. दहाव्याच्या जेवणाची खरी किंमत ही, आणि ती खरीप पेरताना कळते. पंचायतीने कोणाच्या घरात काय शिजवायचे हे ठरवू नये. पण पिठले-भाकरी किंवा नुसता चहा यावर दहावा उरकणाऱ्या घराची गावात कुजबुज होते, ती थांबवायची तर सुरुवात मोठ्या घरांनी करावी लागते. तुमच्या पॅनेलमधल्या पाच-सहा घरांनी केली की पुरे.

बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे याबद्दल वेगळे लिहायला नको. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथाबंदीचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने सर्व ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितले. ठराव पुष्कळ झाले. पण ज्या क्षणी हे घडते तेव्हा तिरडी उचलायच्या आधीची धांदल असते आणि चार वयस्क बायका बाईला घेरून असतात. ठराव कपाटात असतो. त्या वेळी घरात एक महिला सदस्य किंवा आशाताई हजर असली तरच तो चालतो. तेवढी जबाबदारी नावानिशी वाटून द्या. बायका स्मशानात येत नाहीत म्हणणाऱ्यांना एवढेच आठवण करून द्या, की १८९० मध्ये जोतीराव फुल्यांच्या अंत्ययात्रेत टिटवे (तिरडीपुढे धरायचे अग्नीचे मडके) सावित्रीबाईंनी धरले होते.

शेवटचा विषय कागदांचा. श्रद्धांजलीच्या भाषणात "आम्ही कुटुंबाच्या पाठीशी आहोत" असे सगळे म्हणतात. पाठीशी उभे राहणे म्हणजे प्रत्यक्षात काय, ते असे.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत, फुकट. घरी मृत्यू झाला असेल तर ग्रामपंचायतीत, आणि आधी उपचार करत असलेल्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला घ्यावा. माणूस शहरातल्या दवाखान्यात गेला असेल तर नोंद त्या शहराच्या नगरपालिकेत किंवा महापालिकेत होते, गावात नाही. लोक इथेच चकरा मारत राहतात आणि मुदत जाते. २१ दिवसांनंतर विलंब शुल्क, ३० दिवसांनंतर वरिष्ठांची परवानगी, वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. नाव आधारवर आहे तसे, सातबारावर आहे तसे, दोन्ही ताडून लिहून घ्या. "दगडू" आणि "दगडूबा" या एका अक्षराने पुढची दोन वर्षे जातात. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढा.

साप चावला, वीज पडली, विहिरीत पाय घसरला, शॉक बसला, अशा मृत्यूत पोलिसांना खबर, पंचनामा आणि शवविच्छेदन झालेच पाहिजे. "देहाची विटंबना नको" म्हणून घरचे थेट दहन करतात, आणि गावकरी त्याला साथ देतात. भावना समजते. पण गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे दोन लाख आणि विजेच्या मृत्यूला मिळणारी आपत्ती निधीची चार लाखांची मदत त्या एका कागदावाचून अडते. हे त्या वेळी ठामपणे सांगणारा माणूस सरपंच किंवा पोलीस पाटीलच असू शकतो. अपघात योजनेचा प्रस्ताव तालुका कृषी कार्यालयात ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो. दहावा-तेरावा उरकेपर्यंत अर्धी मुदत संपलेली असते.

पासबुक काढून बघा. मे-जूनच्या सुमाराला ४३६ रुपये कापल्याची नोंद असेल तर जीवनज्योती विमा आहे, २० रुपये असतील तर सुरक्षा विमा. दोन्हींत दोन लाख आहेत, सुरक्षा विमा मात्र फक्त अपघाताला. बँक आपण होऊन सांगत नाही. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २०,००० तहसीलमधून मिळतात. विधवेला संजय गांधी निराधार योजनेचे महिना १,५०० रुपये. पण उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० ची, म्हणजे महिन्याला १,७५०. या अटीत प्रामाणिकपणे बसणारे घर शोधून दाखवावे. ही अट बदला, असा ठराव करून वर पाठवायला ग्रामसभेला कोणी अडवलेले नाही. आत्महत्या झालेल्या शेतकऱ्याच्या घरी २००६ च्या शासन निर्णयाची एक लाखाची मदत येते, त्यातले ३०,००० हातात आणि ७०,००० ठेवीत. तेही प्रकरण पात्र ठरले तर.

आणि वारसनोंद. महाराष्ट्राच्या सातबारांवर मेलेली माणसे अजून शेती करत आहेत. शासनाला २०२५ मध्ये त्यासाठी "जिवंत सातबारा" नावाची मोहीमच काढावी लागली. आजोबांच्या नावावर राहिलेल्या जमिनीवर नातवाला पीककर्ज मिळत नाही, पीकविमा आणि पीएम किसानमध्ये अडचण येते. मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे किंवा महसूल खात्याच्या ई-हक्क संकेतस्थळावरून वारसाचा अर्ज द्यायचा. मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, स्वयंघोषणापत्र, आठ-अ (खातेउतारा). नोटीस निघते, पंधरा दिवस हरकतीला, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. यादीत मुली घालायच्याच असतात. तेराव्याला बहिणी माहेरी असतात, रडून थकलेल्या असतात, आणि नेमका तेव्हाच हक्कसोडीचा कागद पुढे सरकवला जातो. साक्षीदार म्हणून त्यावर सही करायला तुम्हाला बोलावतात. वर्षश्राद्धापर्यंत तरी ती सही करू नका.

पैशाचे काय, हे विचाराल. जनसुविधा योजनेत दहन-दफनभूमीची शेड, रस्ता, कुंपण, पाणी, दिवा ही कामे बसतात. प्रस्ताव पंचायत समितीमार्फत जिल्हा परिषदेकडे जातो, पैसा जिल्हा नियोजन समितीतून येतो. वित्त आयोगाच्या अबंधित (ठरावीक कामांचे बंधन नसलेल्या) निधीतून जाळी आणि लाकूडखोली आराखड्यात धरता येते. लाकडाला वेगळा निधी नाही, ते ग्रामनिधीतूनच. किलोला दहा रुपये धरले तरी जाळीवरच्या दहनाला दोन हजारांच्या आत खर्च येतो, वर्षाला वीस धरा, चाळीस हजार. घरपट्टीच्या वसुलीतून हे कुठल्याही मध्यम गावाला जमते. गरीब घराला फुकट आणि बाकीच्यांना मोजून, असे करायला जाऊ नका. त्या दिवशी दारात कोणी दाखले तपासत बसू नये. सर्वांना सारखेच, मोफत.

पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय "ऐनवेळचे विषय" यात न टाकता क्रमांक देऊन घ्या. ठरावात पाच गोष्टी याव्यात : लाकडाचा साठा किती आणि कोणत्या महिन्यापर्यंत, जाळी कशाची, दहनभूमी सर्वांची, श्रद्धांजली एक, आणि मृत्यूनंतर आठ दिवसांच्या आत कागदांसाठी त्या घरी कोण जाणार त्याचे नाव. लाकूडखोलीच्या किल्ल्या दोन ठेवा. एक ग्रामपंचायतीच्या शिपायाकडे, दुसरी स्मशानाच्या वाटेवरच्या एखाद्या घरात, जिथे रात्री दोन वाजता दार ठोठावता येते. दोघांचे मोबाइल नंबर खोलीच्या दारावर रंगवा आणि दर मृगाच्या आधी एकदा स्वतः जाऊन कुलूप उघडते का ते बघा.

आपले,
गावोगावी मातीच्या आणि वारसनोंदीच्या कामात असणारे काही जण